नववा पाट

पोटदुखीचं औषध बाटलीत भरायचं, बाटलीला मात्रेच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवायची आणि "हलवून घ्या, जेवणानंतर घ्या" असं सांगून माणसाला वाटेला लावायचं, हा माझा आयुष्यभराचा धंदा. दारव्ह्याच्या एका लहानशा दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. नवे पैसे नुकतेच चालू झाले होते आणि बाजारात बाया अजून आण्यांतच बोलत होत्या, त्या काळातली ही गोष्ट. त्या उन्हाळ्यात माझ्याच पोटात जे दुखू लागलं त्यावर माझ्या फळीवरच्या एकाही बाटलीत औषध नव्हतं. जेवणाआधी दुखायचं, जेवणानंतर दुखायचं, आणि प्रार्थनेला डोळे मिटले की सगळ्यात जास्त दुखायचं. कारण डोळे मिटले की समोर माझा साडू दिसायचा.

साडूची गोष्ट सांगण्याआधी पाटांची सांगितली पाहिजे. आमच्या ख्रिस्ती मंडळीत एक पद्धत होती, ती मी दुसऱ्या कुठल्या मंडळीत पाहिली नाही. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी, दिवेलागणीला, उपासनागृहाच्या ओसरीत बारा सागवानी पाट ओळीने मांडायचे. त्यांवर बारा पुरुष बसायचे, एकेक जण एकेका प्रेषिताच्या, प्रभूच्या पट्टशिष्याच्या, जागी. बाराव्या पाटावर प्रभूला धरून देणाऱ्या यहूदाला जागा नव्हती, त्याच्या जागी चिठ्ठ्या टाकून निवडलेला मत्थिया. मग पाळकसाहेब कमरेला पंचा बांधून, परात आणि तांब्या घेऊन, प्रभूने शिष्यांचे धुतले तसे एकेकाचे पाय धुवायचे. पण पाय परातीत ठेवण्याआधी प्रत्येकाने मोठ्याने सांगायचं : मी अमुक गावचा, आज अमुक प्रेषिताच्या पाटावर बसलो, त्याचं गाव अमुक. ही पद्धत ज्या म्हाताऱ्या उपदेशकांनी पाडली ते म्हणायचे, "इथं कोणी कोणाची जात इचारायची नाही. इचारायचंच असन तर गाव इचारा. देवानं माणूस गावात जन्माले घातला, जातीत आपण घातला." म्हातारे गेले, पद्धत राहिली. लेकरं त्या दिवशी बेथसैदा, काना, कफर्णहूम ही नावं दिग्रस-नेर म्हणावं तशी पाठ म्हणायची.

पहिला पाट पेत्राचा. आणि तो माझा होता. तसं लिहून कोणी दिलं नव्हतं, पण सालोसाल त्यावर मीच बसत आलो होतो, आणि माणसाचं बूड एका जागी चार वर्षं टेकलं की ती जागा त्याला वडिलोपार्जित वाटू लागते. मी छाती काढून सांगायचो, "मी बोरी अरबचा! आज पेत्राच्या पाटावर बसलो. त्याचं गाव कफर्णहूम!" आणि तेवढ्यावर न थांबता कफर्णहूमचा समुद्र, तिथल्या होड्या, जाळी, मासळीचा वास, सगळं वर्णन करायचो. समुद्र मी जन्मात पाहिला नव्हता. बोरीच्या अडाण नदीला पावसाळ्यात येतं तेवढं पाणी मी पाहिलं होतं, तेच ताणून समुद्राएवढं करायचो. बाया पदर तोंडाशी धरून ऐकायच्या. समोर पाण्याचा तांब्या धरून पाळकसाहेबांचा हात दुखून येई, पण माझा पेत्र काही होडीतून उतरत नसे.

अशात दिवाळीच्या सुमारास दानियल मास्तर दारव्ह्याला बदलून आला. माझ्या बायकोची धाकटी बहीण त्याला दिली होती. सासुरवाडी आम्हा दोघांची केळापूरची. आतापर्यंत त्याचं-माझं नातं वर्षाकाठी एकदा केळापुरात एका पंगतीला बसण्यापुरतं होतं आणि तेवढं मला झेपत होतं. आता तो रोज दिसू लागला. उंच, सावळा, स्वच्छ धोतर, हळू बोलणं. पेटी वाजवायचा. मुलांना मारायचा नाही. माझी बायको, जिने माझ्या वर्णनशक्तीवर उभ्या जन्मात एक शब्द काढला नव्हता, ती मला म्हणाली, "अजी, मास्तरची प्रार्थना आइकली का? कशी पान्यावानी वाह्यते." मी म्हटलं, "पाणीच असन तिच्यात." त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं आणि ते चुकून राहिलं नव्हतं, एवढं सांगतो.

पण खरा घाव बसला तो शास्त्राभ्यासाच्या, म्हणजे बायबल वाचण्याच्या, बैठकीत. मी नेहमीप्रमाणे पेत्राला कफर्णहूमच्या किनाऱ्यावर जन्माला घालत होतो. दानियलने हात वर केला. दुसऱ्या कोणी मध्येच तोंड घातलं असतं, याने हात वर केला, तेच जास्त झोंबलं. म्हणाला, "भाऊ, तुमचं बरोबर आहे. पेत्राचं घर कफर्णहूमलाच होतं. त्याची सासू तिथंच तापाने पडली होती. पण गाव त्याचं बेथसैदा. त्याचं आणि आंद्रियाचं, दोघांचं. फिलिप्पही तिथलाच." मग कोणीतरी विचारलं म्हणून तो सांगत गेला. नथनेल कानाचा. मत्तय कफर्णहूमच्या जकात नाक्यावर बसलेला. पुढे आलेला पौल तार्सचा, बर्णबा कुप्र बेटावरचा. आणि प्रभूच्या गावातून, नासरेथातून, काही चांगलं निघेल काय म्हणून नाक मुरडणारा नथनेल शेजारगावचाच होता हेही त्याने सांगितलं. "कानाहून नासरेथ म्हणजे इथून बोरीच म्हणा ना," असं तो हसून म्हणाला आणि बैठकभर खसखस पिकली. मागून म्हातारी रूथबाई बोलली, "म्हंजे कंपौंडर, तुमी इतकी वर्सं पेत्राले सासुरवाडीतच जन्माले घातलं म्हना की!" मी सगळ्यांबरोबर हसलो. माझं हसणं ऐकून ओसरीतलं कुत्रं उठून गेलं.

पुढच्या बैठकीत पाट वाटले. पाळकसाहेबांनी पेत्राचा पाट दानियल मास्तरला दिला. मला नववा. नववा पाट अल्फीचा मुलगा याकोब याचा. आता तुम्ही विचाराल, हा कोण? तेच तर! तो कोण हे कोणालाच ठाऊक नाही. बारांच्या यादीत त्याचं नाव आहे, बापाचं नाव आहे, संपलं. त्याच्या तोंडी एक शब्द नाही, हातून घडलेली एक गोष्ट नाही, आणि गाव तर नाहीच. आजवर त्या पाटावर बसणारा "गाव माहीत नाही" असं पुटपुटून पाय पुढे करायचा. त्या पाटाचा एक पाय आखूड होता, खाली कौलाचा तुकडा सरकवावा लागे. पेत्राच्या पाटावरून त्या डगमगत्या पाटावर! मला वाटलं, पाळकसाहेबांनी माझ्या हाती दवाखान्याची रिकामी बाटली दिली.

आणि त्याच बैठकीत दानियलने एक सूचना मांडली. पहिल्यांदाच त्याचा आवाज जरा अडखळला. "या वर्षी आपली आपली गावं नको सांगू या का? फक्त प्रेषितांची सांगू. आपली काय, सगळ्यांना माहीतच आहेत." झालं! माझ्या पोटातल्या दुखण्याने कान टवकारले. कारण मला त्याचं गाव माहीत नव्हतं. केळापूरच्या पंगतीत विचारलं तेव्हा "इकडचंच" म्हणाला होता. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा "बोर्डिंगात वाढलो" म्हणून विषय बदलला होता. मी उभा राहिलो आणि आयुष्यातलं सगळ्यात धार्मिक भाषण केलं. पूर्वजांची पद्धत, म्हाताऱ्या उपदेशकांचा आत्मा, नियम म्हणजे नियम. आधी आपलं गाव, मग प्रेषिताचं. मंडळीने माना डोलावल्या. दानियल खाली बघत राहिला. त्या क्षणी मला जे सुख झालं तसं पवित्र प्रार्थनेतही कधी झालं नव्हतं, हे मी इथे लिहून ठेवतो, कारण त्याशिवाय पुढची कृपा किती मोठी होती ते कळणार नाही.

पुसदला एक म्हातारे गुरुजी राहत होते. पूर्वी ते मुलांचं बोर्डिंग चालवायचे, दानियल त्यांच्याच हाताखाली वाढलेला. शास्त्रातल्या गावांचे नकाशे त्यांच्याकडे होते अशी ख्याती होती. मी बायकोला सांगितलं, "अल्फीच्या याकोबाचं गाव शोधाले चाललो." हे अर्धं खरं होतं. मला माझ्या प्रेषिताचं गाव हवं होतं, असं काही दणदणीत की बेथसैदा फिकं पडावं. आणि साडूचंही गाव हवं होतं, असं काही की ते त्याला भरल्या ओसरीत सांगता येऊ नये.

गुरुजींकडे जायचं म्हणून मी लग्नातला काळा लोकरी कोट चढवला. पायात नवे बूट. यवतमाळ जिल्ह्यातला उन्हाळा! दवाखान्यात रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला मी सांगत होतो, डोक्याला दुपट्टा बांधा, खिशात कांदा ठेवा, पाणी पिऊन निघा. बायको दारात म्हणाली, "अजी, कोट कायले? माणसं काय म्हनतीन?" मी म्हटलं, "माणसं म्हणतील, कोण साहेब चालला." दुपट्टा तिने हातात दिला तो मी खुंटीला परत टांगला. साहेब दुपट्टा बांधत नसतात.

सर्व्हिस मोटार दिग्रसच्या पुढे गेली आणि टेकड्या लागतात तिथं, एक मोठा ढेकर देऊन बंद पडली. ड्रायव्हर खाली उतरला, कंडक्टर खाली उतरला, दोघांनी बॉनेट उघडून आत असं पाहिलं जसं विहिरीत पडलेल्या पोहऱ्याकडे पाहतात. कंडक्टर म्हणाला, "बसा सावलीत. मागून गाडी आली म्हणजे पाहू." सगळे शहाणे लोक मोटारीच्या सावलीत बसले. मी म्हटलं, पुढे एखादं गाव लागेल, तिथून बैलगाडी मिळेल. निघालो. सागाची पानं गळून गेलेली, सावली म्हणावी अशी कुठेच नाही. नव्या बुटांनी टाचा सोलल्या. कोट काढावा तर हातात धरावा लागणार, म्हणून काढला नाही. आणि चालता चालता मी प्रार्थना करत होतो. काय प्रार्थना? "प्रभू, त्याचं गाव मला कळू दे." एवढीच. एकच मागणं, पावलागणिक, जपासारखं. एवढ्या तळमळीने मी पापक्षमाही कधी मागितली नव्हती. मग रस्ता पांढरा झाला, कानांत ढोल वाजू लागले, घाम यायचा थांबला. घाम थांबला की काय होतं हे मला दवाखान्यात पाठ होतं. पाठ असलेलं आठवेपर्यंत मी खाली पडलो होतो.

शुद्ध आली तेव्हा एका मोहाच्या झाडाखाली होतो. डोक्याखाली माझा कोट घडी करून ठेवलेला. सगळीकडे मोहफुलांचा गोड, उतू गेलेल्या दुधासारखा वास. एक माणूस माझ्या पायांशी बसला होता. काळी पडलेली खाकी विजार, डोक्याला विणलेली पांढरी टोपी, दाढीत थोडी चांदी. शेजारी हत्यारांची पिशवी, त्यातून पान्याचं तोंड बाहेर आलेलं. त्याने माझे बूट काढले होते आणि घमेल्यातल्या पाण्याने तो माझे पाय धूत होता. तळव्यांना फोडलेला कांदा चोळायचा, परत पाणी घालायचा. हात त्याचे मोटारीच्या ऑइलने काळेकुट्ट होते. माझ्या पांढऱ्याफटक पडलेल्या पायांवर त्याची बोटं उमटत होती.

मी उठू लागलो. म्हणाला, "लेटे रहो जी, लेटे रहो. कोट कायले घातला? लगीन हाय का कोनाचं?"

मी काहीतरी बोललो. जीभ खरखरीत झाली होती. त्याने तांब्या तोंडाशी लावला आणि मी गटागटा प्यायला लागताच काढून घेतला. "थोडं थोडं. दवाखान्यातले दिसता, अन् इतकं ठावं नाही?" माझ्या बोटांवरच्या आयोडीनच्या डागावरून त्याने ते ओळखलं असेल. मला तेव्हा तसं सुचलं नाही. मी पडल्या पडल्या विचारलं, आणि विचारलं तेही काय, तर जे माझ्या डोक्यात सकाळपासून जपासारखं घुमत होतं तेच.

"तुमी कुठले?"

तो हसला. माझी टाच हातात धरून त्याने तिच्यावरची माती अलगद पुसली, सोललेल्या जागेला कांदा लागू नये अशी. "मी? जिथं गाडी बंद पडते ना जी, मी तिथलाच."

माझे डोळे परत मिटले. किती वेळ गेला सांगता येत नाही. मोटारीच्या भोंग्याने जाग आली. आमचीच मोटार रस्त्यावर उभी होती आणि कंडक्टर धावत येत होता. "अरे बाप्पा, इथं झोपून राह्यले तुमी! अन् आमी समजलो पुसदले पोचले असान." त्याने हात देऊन उठवलं. बूट शेजारी जोडीने ठेवलेले होते. घमेलं नव्हतं, माणूस नव्हता. मी विचारलं, "तो मेकॅनिक कुठं गेला? त्यानंच गाडी सुरू केली ना?" ड्रायव्हरने खिडकीतून मान काढली. "कोनता मेकॅनिक? कोनी नाही आलं जी. गाडी थंडी झाली, अन् आपली आपणच सुरू झाली." मोटारीतले लोक माझ्याकडे पाहू लागले तसा मी आत जाऊन बसलो. पण माझ्या उजव्या घोट्यावर चार काळी बोटं आणि एक अंगठा स्पष्ट उमटला होता. मी त्यावर मोजा ओढला. मला याच्यावर काही वाद घालायचा नाही. झालं ते असं झालं.

तुम्हाला वाटेल, एवढं झाल्यावर माझं पोट साफ झालं असेल. मलाही तसं वाटायला आवडलं असतं. पण पुसदच्या बाजारात मोटारीतून उतरलो तो लंगडत लंगडत सरळ गुरुजींच्या घरी आणि पाणी पिऊन होताच विचारता झालो. गुरुजी आता जवळजवळ आंधळे झाले होते. अल्फीच्या याकोबाचं नाव काढताच मान हलवत म्हणाले, "नाही बाळा. त्याचं गाव शास्त्रात नाही. नकाशात कुठून येणार?" एक मागणं गेलं. मग मी दुसरं काढलं, अगदी सहज, सुपारी कातरता कातरता : आमच्या दानियल मास्तरचं मूळ गाव कोणतं हो?

गुरुजींचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, साडू मायेने चौकशी करतो आहे. म्हणाले, "त्याचं गाव मलाच ठाऊक नाही, तर त्याला काय असणार? पटकीच्या सालात, बाजाराच्या दिवशी, बोर्डिंगच्या ओट्यावर कोणी त्याला कापसाच्या डाल्यात ठेवून गेलं. कापूस होता, लेकरू होतं. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. सुट्टी लागली की सगळी पोरं आपापल्या गावी जायची. हा उरायचा. मग माझ्या मागे मागे फिरायचा. गुरुजी, पेत्राचं गाव कोणतं? गुरुजी, फिलिप्पाचं कोणतं? मी सांगायचो. बारा जणांची गावं घोकत घोकत लेकराची सुट्टी निघायची. एकदा नवव्यापाशी आला. मी म्हटलं, याचं गाव कोणाला माहीत नाही रे. मला वाटलं हिरमुसेल. तर टुणकन उडालाच! म्हणाला, म्हणजे गुरुजी, गाव नसलं तरी बारांत घेतात?"

गुरुजी हसले. मीही हसलो. आणि त्यांच्या ओसरीतून उतरताना माझ्या मनात काय होतं? लाज नव्हती. शस्त्र हाती लागल्याचा आनंद होता. मागितलं ते मिळालं! प्रभूने माझी प्रार्थना ऐकली! परतीच्या मोटारीत मी सगळं चित्र रंगवलं. साडू पेत्राच्या पाटावर बसेल, सगळी मंडळी कान देऊन ऐकेल, आणि त्याच्या तोंडून गाव निघणार नाही. मग कुजबुज. गाव नाही म्हणजे कोणाचा? आणि कोणाचा म्हटलं की म्हाताऱ्या उपदेशकांनी ओसरीबाहेर काढलेला जातीचा प्रश्न चपला घालून परत आत येणार. मला एक शब्दही बोलायचा नव्हता. फक्त नवव्या पाटावर बसून बघायचं होतं.

गुरुवार आला. गॅसबत्ती पेटली, बारा पाट मांडले, माझ्या पाटाखाली कौलाचा तुकडा सरकवला. सगळे अनवाणी बसलो. पाळकसाहेब कमरेला पंचा बांधून परात घेऊन पहिल्या पाटासमोर बसले. दानियलने पाय पुढे घेतले, पण परातीत ठेवले नाहीत. आधी गाव सांगायचं होतं.

तो म्हणाला, "मी..."

आणि थांबला. बायांच्या बाजूला त्याची बायको पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. माझी बायको तिच्याकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती. कोणीतरी खोकलं. रूथबाई म्हणाली, "सांगा न जी मास्तर, लाजून काहून राह्यले?" तो परत म्हणाला, "मी..." पाळकसाहेबांच्या हातातल्या तांब्याच्या काठावरून थेंब थेंब पाणी परातीत पडत होतं. ज्याची मी वाट पाहिली ती घटका हीच. बघायचं म्हणून बसलो होतो, आणि मला त्याच्याकडे बघवेना. मान खाली घातली. खाली माझेच पाय. उजव्या घोट्यावर चार काळी बोटं आणि एक अंगठा. तो डाग साबणाने गेला नव्हता. सोललेल्या टाचेला त्रास नको म्हणून घासलाही नव्हता. तळव्यांतून अजून कांद्याचा वास येत होता.

पुढे काय झालं ते मी केलं असं म्हणायला माझी जीभ धजत नाही. एवढंच आठवतं की माझा पाट एकदम डगमगला, कौलाचा तुकडा खडकन निसटला आणि मी उभा होतो. ओळ मोडून, नियम मोडून, मीच ज्याच्यासाठी भाषण ठोकलं होतं तो नियम. आणि ओरडलो, "बोरीचा हाय तो! आमच्या बोरी अरबचा!"

मंडळीतली चार घरं बोरीचीच होती. त्यांना ठाऊक होतं की बोरीत असा कोणी जन्मला नाही. मला वाटलं, आता हसतील. तेवढ्यात मागच्या रांगेतून बोरीचाच एक म्हातारा, माझा दूरचा चुलता, शांतपणे म्हणाला, "हो, हो. आमचाच हाय. अडाणच्या काठचा." जणू उभ्या गावाने ठराव केला होता.

दानियलने मान वर केली. माझ्याकडे नाही पाहिलं. पाळकसाहेबांकडे पाहून, सावकाश, एकेक शब्द नव्या कपड्यासारखा अंगावर चढवत म्हणाला, "मी बोरी अरबचा. आज पेत्राच्या पाटावर बसलो. त्याचं गाव बेथसैदा." आणि पाय परातीत ठेवले. पाय धुवून होईस्तोवर त्याने डोळे उघडले नाहीत.

एकेक पाट होत माझी पाळी आली. काय सांगावं? दणदणीत गाव शोधायला गेलो होतो, हात हलवत आलो होतो. म्हटलं, "मी बोरी अरबचा. आज अल्फीच्या याकोबाच्या पाटावर बसलो. त्याचं गाव माहीत नाही. जिथं पाठवला, तिथला." पाळकसाहेबांनी पाय धुतले, घोट्यावरचा डाग दिसला तसा पंच्याने दोनदा चोळला. म्हणाले, "हे काय लागलं हो?" मी म्हटलं, "राहू द्या साहेब. एकदा धुवून झालेले आहेत."

घरी जाताना बायको दोन पावलं पुढे चालत होती. शेवटी मीच म्हटलं, तुला माहीत होतं? म्हणाली, "मले पह्यल्यापासून माहीत व्हतं. आमच्या बाबाले मास्तरनं लगनाआधीच सांगतलं व्हतं." मग मला का नाही सांगितलं? "तुमच्या पोटात काय राह्यते?" पोटात तेव्हा, पुष्कळ दिवसांनी, काहीच दुखत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर दानियल माझ्याजवळ आला. आभार मानेल म्हणून मी नम्र चेहरा तयार ठेवला. तो म्हणाला, "भाऊ, एक सांगू? मी पाळकसाहेबांना नववा पाट मागितला होता. त्यांनी ऐकलं नाही. तुम्हाला तो मिळाला तेव्हा माझा इतका जळफळाट झाला की रात्रभर तुमच्या नावाने कुढलो." ज्या पाटाला मी रिकामी बाटली म्हणत होतो त्याच्यासाठी हा माणूस माझा हेवा करत होता! आम्ही दोघं तिथं ओसरीत, उत्तम शुक्रवारच्या दिवशी, जेव्हा हसू नये तेव्हा, इतके हसलो की पाळकसाहेबांनी बाहेर येऊन पाहिलं.

पुढच्या वर्षी नववा पाट त्याला मिळाला. पेत्राचा मला मिळेल अशी माझी आशा होती, लपवत कशाला? तो पोस्टमास्तरांना मिळाला. मला दहावा, तद्दय. त्याचंही गाव नाही. प्रभू विनोदी आहे.

दानियल पुढे खरोखरच बोरीला जाऊ लागला. माझा तो चुलता त्याला बोलावून घ्यायचा. तूर निघाली की शेंगा, हुरडा, नदीचे मासे. आता बोरीत गेलो की लोक मला आधी विचारतात, "मास्तर नाही आले का?" आणि मग, "बसा न तुमी बी." माझं गाव मी दिलं, आणि दिलं ते दिलंच. पोटात अजूनही कधीकधी जरा चमक येते. देवाने ते दुखणं मुळासकट उपटलं नाही. थोडं ठेवलं, मी औषध विसरू नये म्हणून. मी एक मागायला निघालो होतो, आणि मागितलं तेच त्याने माझ्या हातात दिलं, पण आधी माझे पाय धुवून दिलं. त्यामुळे हातातल्या त्या वस्तूचं काय करायचं ते माझ्यावर राहिलं नाही. समर्पण समर्पण म्हणतात ते माझ्यासारख्याच्या बाबतीत एवढंच असावं : पाटाखालचा कौलाचा तुकडा निसटतो आणि माणूस उभा राहतो.

त्या मेकॅनिकला मी पुसदच्या गॅरेजांतून पुष्कळ शोधला. तशी टोपी, तशी दाढी खूप जणांची होती. तो माणूस मिळाला नाही. पण अजूनही कधी मोटार रस्त्यात बंद पडली आणि सगळे कुरकुरू लागले, की मी डोक्याला दुपट्टा बांधतो, खाली उतरतो, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहत उभा राहतो.